बारा हजार वॅटवाल्यांस अनावृत पत्र

तीर्थस्वरूप ध्वनिमहर्षी यांस,


तुमच्या दुकानाचे नाव या पत्रात येणार नाही, काळजी नसावी. नाव घेतले तर फुकटची जाहिरात होईल. शिवाय तो अन्यायही होईल, कारण तुम्ही एकटे नाही. तुमच्या संप्रदायाच्या शाखा ठाण्यात आहेत, नाशकात आहेत, कोल्हापुरात आहेत. प्रत्येक शाखाप्रमुखाने हे पत्र स्वतःलाच आले आहे असे समजून वाचावे.

मी कोण, हे तुम्हाला आठवणार नाही. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा पहिल्या नोकरीतून साठवलेले तीस हजार रुपये घेऊन तुमच्याकडे गाणे ऐकायची सिस्टिम घ्यायला आला होता. तो माझा भाचा. त्याच्या शेजारी ओली छत्री धरून बसलेला इसम तो मी. तुम्ही त्याला कॉफी विचारलीत आणि मला छत्री बाहेर ठेवायला सांगितलीत. गिऱ्हाईक कोण आणि अडगळ कोण, हे तुम्ही पहिल्या मिनिटात ओळखता. या नजरेबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

मुलाची मागणी साधी होती. पुण्यात सिंहगड रस्त्याला भाड्याची दहा बाय बाराची खोली. तिच्यात दोन स्पीकर, एक ॲम्प्लिफायर, फोनमधले गाणे त्यात जावे आणि तानपुरा तानपुऱ्यासारखा ऐकू यावा. तुम्ही एक सुस्कारा टाकलात. "तीस हजारांत?" असे तुम्ही तोंडाने म्हणाला नाहीत, भुवईने म्हणालात. मग त्याला आधी तळमजला दाखवलात आणि नंतर वरचा.

महाराज, तुमच्या दुकानाचे दोन मजले म्हणजे दोन वेगळे धर्म आहेत. खाली वॅटची पूजा चालते. वर ‘वॅट’ म्हटले तरी विटाळ होतो. तिथे ‘एअर’, ‘स्टेज’, ‘वॉर्म्थ’ आणि ‘ब्लॅक बॅकग्राउंड’. दोन्ही देवळांचा पुजारी मात्र एकच. मधल्या बारा पायऱ्यांत तुमचा आवाज खाली येतो, हातवारे संथ होतात आणि किमतीला एक शून्य वाढते. इतक्या झटपट वेषांतर करणारा नट मी संगीत रंगभूमीवरही पाहिलेला नाही.

तळमजल्यापासून सुरुवात करू. लाल-निळे दिवे लुकलुकणारे ते दोन मनोरे आणि खोक्यावर वीतभर अक्षरांत ‘१२,००० वॅट पीएमपीओ’. त्यावर प्रेमाने थाप मारून तुम्ही म्हणालात, "अख्खी सोसायटी हलेल!" भिंतीवरच्या साध्या प्लगची कुवत सहा ॲम्पियर, म्हणजे २३० व्होल्टला चौदाशे वॅटच्या आत. बारा हजार वॅट ओढायचे तर बावन्न ॲम्पियर लागतील. एका वेळी सहा गीझर चालू केल्यावर जे होते, ते गाण्याच्या पहिल्या ठोक्याला होईल. सोसायटी हलायच्या आधी एमसीबी पडेल, आणि सोसायटी हलण्याऐवजी खाली पार्किंगमध्ये जमेल.

तुम्ही फोन घ्यायला आत गेलात तेव्हा मी तो मनोरा जरा फिरवून पाहिला. मागे एक चंदेरी स्टिकर होता. त्यावर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिले होते, वीजवापर ६० वॅट. आमच्या घरातला जुना पंखा पंचाहत्तर वॅट खातो आणि बदल्यात नुसता वारा देतो. तुमचा मनोरा साठ खाऊन बारा हजार देतो. हे खरे असेल तर कोयनेचे धरण शेतीला मोकळे करून टाकावे आणि महावितरणने तुमच्या तळमजल्याला तारा जोडाव्यात, असा अर्ज मी ऊर्जामंत्र्यांकडे पाठवायला तयार आहे.

भाच्याबरोबर राहणाऱ्या मुलाने असेच एक खोके तुमच्याकडून आधीच नेले होते. ते वर्षाच्या आत मुके झाले. आम्ही स्क्रू काढून आत पाहिले, तर टीडीए २०३० जातीच्या तीन चिपा. अतिशय प्रामाणिक चिप बरे का ती. मुंबईत लॅमिंग्टन रोडला नाहीतर आपल्या तपकीर गल्लीत सुटी मिळते, आणि कित्येक पोरांनी आयुष्यातला पहिला ॲम्प्लिफायर तिच्यावर बांधलेला आहे. तिला बनवणारे तिच्याबद्दल चौदा वॅटचा दावा करतात, त्याहून जास्त नाही. चौदा त्रिक बेचाळीस. राहिलेले अकरा हजार नऊशे अठ्ठावन्न वॅट खोक्याच्या पुठ्ठ्यात असावेत; तो आम्ही रद्दीत घातला, ही चूक तुमच्या हिताचीच झाली.

पीएमपीओचे, म्हणजे ‘पीक म्युझिक पॉवर आउटपुट’ नावाच्या या आकड्याचे, मला मनापासून कौतुक वाटते ते एका गोष्टीसाठी. कुठल्याही मानक संस्थेने या आकड्याची व्याख्या केलेली नाही. म्हणजे तो खरा आहे असे दाखवता येत नाही आणि खोटा आहे असेही सिद्ध करता येत नाही. अमेरिकेत अशाच फुगवलेल्या आकड्यांचा सुळसुळाट झाला होता. तेव्हा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये नियम केला की घरगुती ॲम्प्लिफायरच्या जाहिरातीत सलग देता येणारी शक्तीच, ठरलेल्या पद्धतीने मोजून, छापायची. याला पन्नास वर्षे होऊन गेली. ती बातमी तुमच्या गल्ल्यापर्यंत यायला अजून वेळ आहे, कारण तुम्ही फोनवर असता.

खरी गोष्ट सांगून धंदा होत नाही, हे मला समजते, तरी सांगतो. दहा बाय बाराच्या खोलीत, शेजारची काकू दार वाजवणार नाही इतक्या आवाजात गाणे ऐकायला सरासरी एक वॅटसुद्धा लागत नाही. तबल्यावर जोराची थाप पडली तर क्षणभर दहा, वीस, फार तर तीस. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे लक्ष दिले तर कळेल इतका. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर वॅट दसपट करावे लागतात. त्यामुळे विचारायचा आकडा वेगळाच आहे. एका वॅटला एक मीटरवर स्पीकर किती डेसिबल देतो, तो. ८४ डेसिबलवाल्या स्पीकरला ज्या कामासाठी चाळीस वॅट लागतात, तेच काम ९० डेसिबलवाला दहा वॅटांत करतो. हा आकडा आम्ही तुमच्या विक्रेत्याला विचारला. त्याने आम्हाला रंग विचारला.

आता वरचा मजला.

इथे पायात रुतणारा गालिचा, भिंतींवर कापडात मढवलेला फोम, मंद दिवे आणि मधोमध एकच कोच. चपला खाली काढायला लावल्यात, हे मला आवडले. माणूस अनवाणी झाला की निम्मा शरण आलेलाच असतो. मग तुमचा डेमो. एक बाई माईकला चिकटून कुजबुजत गाते. मग कोणीतरी परदेशी गृहस्थ एकटाच ढोल बडवतो. मग पाणी ठिबकते, मग काच फुटते. भाच्याने भीत भीत विचारले, फोनवरून किशोरीताई आमोणकरांचा भूप लावता येईल का? तुम्ही म्हणालात, "नको. ही सिस्टिम जुन्या रेकॉर्डिंगमधले दोष उघडे पाडते." म्हणजे मुलाने गाणे ऐकायला सिस्टिम घ्यायची, आणि घेतल्यावर गाणे ऐकायचे नाही, कारण सिस्टिमला ते सोसत नाही. आयुष्यभर त्याने काच फुटताना ऐकत बसावे.

रिमोट तुम्ही खिशातून बाहेर काढला नाहीत, तरी तुमचा अंगठा कामात होता. स्वस्त जोडीला आवाज थोडा खाली, महागड्या जोडीला थोडा वर. एखादा डेसिबल वाढला तर माणसाला ‘आवाज वाढला’ असे वाटत नाही, ‘आवाज चांगला झाला’ असे वाटते. कमी आवाजात आपल्या कानाला खर्जातले फार कमी ऐकू येते, हे बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून ठेवले आहे. आवाज वर नेला की खर्ज भरतो, गाणे अंगावर येते आणि गिऱ्हाईक म्हणते, "वा!" त्या ‘वा’ची किंमत पंचावन्न हजार होती. तुमच्या अंगठ्याला कुठल्यातरी अकादमीचे मानधन सुरू व्हायला हवे.

दिवे आणि कोच यांचाही वाटा आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोन ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा समोर दिसत असताना आणि एकदा पडद्याआड ठेवून ऐकवले. डोळ्यांना दिसत होते तेव्हा आकार आणि रुबाब यांना गुण पडले. पडदा आल्यावर गुणांची वाटणी बदलली. ते श्रोते रस्त्यावरून धरून आणलेले नव्हते, ध्वनीच्या धंद्यातलेच होते. मी तुम्हाला पडदा लावायची सूचना केली. तुम्ही म्हणालात, पडद्याने ट्रेबल मरतो.

मग आली केबल. साडेअठरा हजारांची, नागासारखी जाड, मखमली पिशवीतली. ती नुसती वीज वाहून नेणारी, भिंतीतून ॲम्प्लिफायरपर्यंत. तुमच्या म्हणण्याप्रमाणे ती वीज ‘शुद्ध’ करते. वीज पॉवर हाउसपासून पुण्यापर्यंत डोंगरदऱ्या ओलांडत ॲल्युमिनियमच्या तारांवरून येते, सबस्टेशनात येते, खांबावर येते, सोसायटीच्या मीटरखोलीतल्या जळमटांतून येते, भिंतीतल्या बिल्डरने टाकलेल्या सर्वांत स्वस्त वायरमधून येते, आणि मग शेवटच्या दीड मीटरमध्ये तिला पश्चात्ताप होऊन ती सुधारते.

स्पीकरच्या वायरीचे गणित तर सातवीतल्या मुलालाही जमेल. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी वायर, तीन मीटर लांब. जाऊन-येऊन सहा मीटर. तिचा रोध ०.०५ ओमच्या आत. स्पीकर आठ ओमचा. म्हणजे वायरीत जाते ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास, आवाजाच्या भाषेत एका डेसिबलचा विसावा भाग. ती वायर मीटरला शंभर रुपयांच्या आत मिळते. तुमच्या मखमली पिशवीवरून आठवले म्हणून सांगतो. २००७ मध्ये जेम्स रँडी या अमेरिकन जादूगाराने जाहीर केले होते की बारा फुटांची ७,२५० डॉलरची एक स्पीकर केबल साध्या केबलपासून नुसत्या कानांनी ओळखून दाखवा आणि दहा लाख डॉलर घेऊन जा. ती परीक्षा शेवटी झालीच नाही. तुमच्यासारखा माणूस त्या वेळी अमेरिकेत नव्हता, नाहीतर रँडीसाहेब भिकेला लागले असते.

भाच्याने शेवटी धीर करून सांगितले की त्याला दोन केबलींत फरक कळत नाही. यावर तुमचे उत्तर मी वहीत लिहून ठेवले आहे. "अजून कान तयार झालेला नाही. शिवाय सिस्टिमला दोनशे तास बर्न-इन व्हायचे आहे. मग उघडेल." दोनशे तास म्हणजे अखंड चालू ठेवली तरी आठ दिवस आणि आठ तास. तुमच्या बिलामागे ‘माल परत घेण्याची मुदत सात दिवस’ असे छापलेले आहे. हा योगायोग इतका नाजूक आहे की त्याला मी हात लावत नाही.

खरे सांगू? माझा राग पैशांवर नाही. केबल, मनोरे, फोम हे सगळे ज्याला परवडते त्याने घ्यावे. कोणी पैठणी घेतो, कोणी केबल घेतो. राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. बावीस वर्षांचा मुलगा, लहानपणापासून आजीच्या मांडीवर बसून रियाझ ऐकलेला, तुमच्या जिन्यावरून खाली उतरताना मला म्हणाला, "मामा, मला बहुतेक ऐकूच येत नाही नीट." हे तुम्ही केलेत. त्या मुलाला तंबोऱ्याची जवारी लागली की नाही हे खोलीच्या दारातून कळते. तुम्हाला आणि मला वयपरत्वे चौदा किलोहर्ट्झच्या पुढे फारसे ऐकू येत नसणार. त्याचे कान तुमच्यापेक्षा कितीतरी चांगले आहेत. सीडीचे गाणे १९८२ पासून बावीस किलोहर्ट्झपर्यंत पोचते, ते तुम्हाला अपुरे वाटते आणि सॅम्पलिंगचा १९२ किलोहर्ट्झचा आकडा हवा असतो. एवढ्या वरचे ऐकायला निसर्गाने वटवाघळे केली आहेत, आणि ती तीस हजार घेऊन दुकानात येत नाहीत.

जाताना तुम्ही दोन हजार टोकन घेतलेत. "स्कीम संध्याकाळपर्यंतच आहे, साहेब. नको वाटले तर परत." आठवड्याने परत मागायला गेलो, तेव्हा ‘परत’ याचा अर्थ ‘केबलमध्ये ॲडजस्ट’ असा निघाला. त्याच फेरीत भाच्याने आजोबांचा जुना सोनोडाइनचा ॲम्प्लिफायर बरोबर आणला होता, एक्स्चेंजमध्ये काही सुटते का पाहायला. कोलकात्याच्या या कंपनीने १९७० पासून देशात ही यंत्रे बनवली. आयात जवळजवळ बंद असलेल्या त्या काळात मध्यमवर्गीय माणसाचे हाय-फाय म्हणजे हेच. तुम्ही तो दोन बोटांनी उचललात आणि म्हणालात, "भंगार. आठशे देतो, तुमच्याकडे बघून." तेव्हा तुमच्या मागच्या काचेच्या कपाटात त्याच पिढीचा एक ॲम्प्लिफायर, मागून दिवा सोडून, ठेवलेला होता. पाटी होती ‘व्हिंटेज’. किंमत अडतीस हजार. भंगाराचे व्हिंटेज व्हायला साधारण चार फुटांचे अंतर आणि एक बल्ब लागतो, हे मला त्या दिवशी कळले.

आम्ही भंगार परत घेऊन आलो.

पुढचे तुम्हाला कळवणे हे माझे कर्तव्य आहे, कारण ‘तीस हजारांत काहीच येत नाही’ हे तुमच्या भुवईचे वाक्य होते. बुधवार पेठेत एका माळ्यावर बसणाऱ्या कारागिराने तो ॲम्प्लिफायर उघडला. चार कपॅसिटर सुकले होते, ते बदलले. व्हॉल्यूमची खरखर स्प्रे मारून घालवली. आतून एक झुरळ निघाले. जुन्या मालात झुरळे असतात, हा तुमचा इशारा खरा ठरला, आणि एवढ्या एका बाबतीत मी तुमचा ऋणी आहे. सगळे मिळून अडीच हजार. ज्यांना असे आजोबा नाहीत त्यांनी हळहळू नये. हल्ली तळहाताएवढे क्लास-डी ॲम्प्लिफायर सहा-सात हजारांत येतात आणि छोट्या खोलीला ते पुरून उरतात. त्यांच्या खोक्यावर मात्र तुमच्यासारखे कोणी लिहीत असते, म्हणून खरे वॅट किती हे तिथेही तपासावेच लागते.

स्पीकर एरंडवण्यातून आणले. मुले परदेशात, मोठे घर विकून म्हातारी माणसे बाणेरला छोट्या फ्लॅटमध्ये चाललेली. पुण्यात चांगला जुना माल असाच बाहेर येतो. शेल्फवर बसणारी जोडी, चौदा हजारांत. त्या गृहस्थांनी आम्हाला चहा दिला आणि भाच्याला हवे ते गाणे हवे तितका वेळ लावू दिले. घेताना भाच्याने शंकूच्या कडेचा पट्टा बोटाने दाबून पाहिला. रबराचा होता. फोमचा असता तर आपल्या दमट हवेत पंधरा-वीस वर्षांत त्याचा भुगा होतो आणि तो बदलायला वेगळे पैसे लागतात. दीड व्होल्टचा सेल क्षणभर तारांना टेकवला की शंकू ‘टक’ करून हलतो, नाही हलला तर सौदा तिथेच सोडायचा. जपानी सेट दिसला तर मागे व्होल्ट वाचायचे. तिकडे घरात १०० व्होल्ट असतात, आणि तसला सेट आपल्या प्लगला लावला तर पहिल्याच रात्री धूर निघतो. हे सगळे त्याला कोणी सांगितले असेल? तुमच्याच दुकानातून नोकरी सोडून गेलेल्या एका मुलाने.

फोनमधून गाणे काढायला दोन हजारांची बोटभर डॅकची वायर घेतली. तपकीर गल्लीतून अडीच चौरस मिलिमीटरची वायर. स्टँडऐवजी फरशीवाल्याकडून कडाप्प्याचे तुकडे आणि त्याखाली सायकलच्या ट्यूबचे काप. तुमचे ‘आयसोलेशन स्पाइक’ साडेसहा हजारांना होते. ते घेतले असते तर कडाप्प्याला वाईट वाटले असते. बेरीज वीस हजारांच्या आत राहिली.

आणि पहिल्या रात्री ते सगळे भयंकर वाजले.

हे वाचून तुम्ही कोचावर मागे टेकून हसाल, म्हणून पुढचेही वाचा. खोली होती नुसत्या गुळगुळीत टाइल्सची आणि रिकाम्या भिंतींची. टाळी वाजवली की ‘टर्रर्र’ असे उत्तर यायचे. दोन्ही स्पीकर कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून. दहा फुटी भिंतींच्या मध्ये सुमारे ५६ हर्ट्झचा सूर अडकून फुगतो, हे साधे गणित आहे. बेस गिटारची मोकळी ‘ए’ तार ५५ हर्ट्झची. त्यामुळे सिनेमातल्या गाण्यांत तो एक सूर वरच्या मजल्यापर्यंत जायचा आणि त्याच्या शेजारचे सूर गायब. तुमच्या दुकानात हा प्रश्न येत नाही, कारण तुम्ही विकता स्पीकर आणि ऐकवता खोली. वरच्या मजल्यावरचे फोम, गालिचे, जाड कोच यांचे बिल कुठल्याच स्पीकरला लागत नाही, पण आवाजात निम्मा वाटा त्यांचा असतो. गिऱ्हाईक स्पीकर घरी नेते, खोली तुमच्याकडेच राहते.

मग मोजपट्टी काढली. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर आले, भिंतीपासून दीड फूट पुढे. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचे डोके असा सारख्या बाजूंचा त्रिकोण केला, ट्विटर कानाच्या उंचीवर आणले. मध्ये सतरंजी. मागच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट, वेगवेगळ्या जाडीची पुस्तके मुद्दाम पुढेमागे. बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत नेऊन स्पीकर जिथे दिसतो तिथे आजीची गोधडी टांगली. गोधडी-सतरंजीने वरचे सूर तेवढे शोषले जातात, खर्जाला त्यांची भीती नसते; म्हणून खर्जासाठी स्पीकर इंच इंच सरकवत बसावे लागले. या सगळ्याला एक पैसा लागला नाही. फक्त घरमालकाला गोधडीचे कारण समजावून सांगताना जरा कठीण गेले.

आता तिथे तंबोरा कसा वाजतो, ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्हाला ‘एअर’ आणि ‘वॉर्म्थ’ शिवाय वर्णन कळत नाही. एवढेच सांगतो की चार तारा चार ऐकू येतात. पूर्वी एक घुंई ऐकू यायची.

खोटे कशाला बोलू? पन्नास हर्ट्झच्या खालचे त्या स्पीकरांना जमत नाही. ढोल-ताशाच्या रेकॉर्डिंगमध्ये ढोल दूर पळतो, आणि पाहुणे जमवून नाचायचे तर ही जोडी दमते. मोठा स्पीकर, मोठी पेटी, खोल आणि स्वच्छ खर्ज याला खरोखर पैसे पडतात आणि ते दिल्यावर खरोखर मिळते. तुमच्या वरच्या मजल्यावरच्या त्या शिसवी जोडीत काही खोटे नव्हते. चांगलीच होती ती. तिच्याबद्दल तुम्ही खरे बोलला असतात तरी ती विकली गेली असती, कदाचित आम्हालाच, पाच वर्षांनी. गिऱ्हाईक आज तीस हजार घेऊन येते आणि उद्या तीन लाख घेऊन येते, हे दुकानदाराला शिकवायची वेळ माझ्यासारख्यावर यावी?

वाचक मंडळींनो, तुमच्यापैकी कोणी या दिवाळीत स्पीकर घ्यायला निघाले असेल, तर बजेटातले निम्म्याहून जास्त पैसे स्पीकरवरच जाऊ द्या. केबलवर वायरमन खर्च करेल तितकेच. दुकानात रोज ऐकता तेच गाणे लावा; विक्रेता नको म्हणाला तर दुसरे दुकान बघा. रिमोट स्वतःच्या हातात ठेवा. खोके उलटे करून मागचा स्टिकर वाचा.

आणि महाराज, तुमच्यासाठी एकच. टोकनच्या पावतीची प्रत सोबत जोडली आहे. दोन हजार रुपये अजून तुमच्याकडे आहेत. त्या बदल्यात केबल, स्पाइक किंवा कॅलेंडर, यांपैकी काहीही नको. रोख चालेल, यूपीआयही चालेल.

कळावे.

आपला,
पावतीधारक